मामांचा पत्र्याचा डबा

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. लिहून काढताना थोडी भर घातली आहे. बोलताना केलेले दोन विनोद संपादक मंडळाने ‘छापण्यासारखे नाहीत’ म्हणून काढले आहेत, त्याला माझा इलाज नाही.)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग’. मी म्हटलं, त्यावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी तिघेजण बोलतात, चौथी कशाला? मग म्हणाले, तुला हवं ते बोल, पण पंधरा मिनिटांत आवर. तेव्हा मी आज वायसरवर बोलणार आहे. हसू नका. वायसर, सील, झडप, दिव्याचा बल्ब, रबरी बूच, असल्या चिल्लर वस्तूंवर. सव्वीस वर्षं मी सॉफ्टवेअर लिहितेय आणि त्यातली बहुतेक वर्षं प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी. पदवी इन्स्ट्रुमेंटेशनची आहे, पण हातात पाना कमी आणि कीबोर्डच जास्त धरला. त्याचा एकदा चांगलाच फटका बसला. तेच सांगायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. आठवीत बाईंनी आपल्याला एक प्रयोग दाखवला होता, आठवतोय? पांढऱ्या खडूवर तळापासून बोटभर उंचीवर काळ्या शाईचा ठिपका दिला आणि खडू बशीतल्या पाण्यात उभा केला. पाणी वर चढत गेलं आणि काळ्या शाईतून निळा, जांभळा आणि पिवळसर रंग वेगवेगळे झाले. आपण सगळे ‘ओऽऽ’ केलं होतं आणि मागच्या बाकावरच्या एकाने तो खडू चाटून पाहिला होता. तो आज इथे आहे, नाव सांगत नाही.

हाच प्रयोग मिखाईल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सात केला. काचेच्या नळीत खडूची पूड ठासून भरली, वरून पानांचा अर्क ओतला, आणि हिरव्या रंगातून हिरवे-पिवळे पट्टे सुटे झाले. १९०६ साली त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. गंमत म्हणजे रशियनमध्ये ‘त्स्वेत’ शब्दाचा अर्थच रंग.

आज तुम्ही घेता त्या रक्तदाबाच्या गोळीची प्रत्येक बॅच बाजारात येण्याआधी बहुधा याच तत्त्वावर तपासली जाते. फक्त खडूच्या जागी वीतभर लांबीची पोलादी नळी असते, तिला कॉलम म्हणतात. आतून ती पेन्सिलीपेक्षाही बारीक. तिच्यात सिलिकाचे पाच मायक्रॉनचे कण ठासून भरलेले. त्यातून द्रव आपणहून चढत नाही, पंपाने रेटावा लागतो. दाब शंभर-दोनशे बार. आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, म्हणजे विचार करा. आणि एवढ्या दाबाने रेटायचं किती? मिनिटाला एक मिलिलिटर. म्हणजे वीसेक थेंब. पण ते थेंब दिवसभर, रात्रभर अगदी एकसारखे जायला हवेत. या यंत्राला एचपीएलसी म्हणतात.

आता हा पंप. बाहेरून चकचकीत पेटी, किंमत काही लाखांत. आत काय आहे हे आपल्या गावच्या माणसाला पाच मिनिटांत कळेल. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप आठवा. दांडा, दांड्याला वायसर. वायसर सुकला की आई तेलाचा थेंब सोडायची. इथे दांडा नीलमचा असतो आणि वायसरच्या जागी प्लॅस्टिकचं सील. आणि विहिरीवरच्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह आठवा. पाणी वर येऊ देतो, परत खाली जाऊ देत नाही. त्यात काडी अडकली की पाणी मागे पळतं आणि पाइपात बादलीने पाणी ओतत बसावं लागतं. इथेही तसाच चेक व्हॉल्व्ह आहे, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा. आत माणकाची इवलीशी गोळी नीलमच्या बैठकीवर बसते. कारखान्यात बनवलेले खडे असतात, त्यामुळे मैत्रिणींनी डोळे मोठे करू नयेत. माणिक आणि नीलम मुळात एकच खनिज, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. क्रोमियमचा अंश असला की लाल, तेच माणिक.

ती गोळी आणि बैठक यांच्यामध्ये क्षाराचा कण बसला, तर फूट व्हॉल्व्हमधल्या काडीचंच काम होतं. फक्त इथे मोटर गुरगुरत नाही आणि कुणाच्या पायावर पाणी सांडत नाही. कुणाला काही दिसतच नाही.

आता २००९ सालची गोष्ट. एका औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीच्या गुणवत्ता प्रयोगशाळेतून आमच्याकडे तक्रार आली. कंपनीचं नाव सांगत नाही, आमच्याही नाही. तक्रार अशी की आमचं सॉफ्टवेअर चुकीचे आकडे देतं. एकाच नमुन्याची पाच इंजेक्शनं दिली तर पाचही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, फरक २ टक्क्यांच्या आत. यांचा ३-४ टक्के येत होता. शिखर कधी सातव्या मिनिटाला यायचं, कधी साडेसातव्या. बॅच अडकली होती. मला पाठवलं ते सॉफ्टवेअर निर्दोष आहे हे सिद्ध करायला. मी सगळी गणितं छापून नेली होती. आकडेमोड बरोबर होती, त्यात शंका नव्हती.

तिथे गेल्यावर कळलं की त्यांनी दोष आधीच शोधून ठेवला होता. एक मुलगी होती, बी.एस्सी. करून लागलेली, पहिलीच नोकरी, आठ महिने झालेले. शिखर पुढेमागे सरकलं की पहिला संशय द्रावणावर जातो, म्हणजे जे मिश्रण पंप रेटतो त्यावर. पाणी आणि सॉल्व्हंटचं प्रमाण थोडं चुकलं की असंच होतं. ते मिश्रण ही मुलगी बनवत होती. तिला निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाला होता. तिने तेच द्रावण चार वेळा नव्याने बनवलं, एकदा रात्रपाळीत थांबून. तराजूच्या छापील चिठ्ठ्या वहीत डिंकाने चिकटवलेल्या. कॉलमही नवा घातला होता, तो काही हजारांचा. फरक पडला नव्हता. मी तिची वही चाळली आणि मनातल्या मनात म्हटलं, वही व्यवस्थित दिसते, पण हात चुकत असेल. हे मी आज कबूल करते. सॉफ्टवेअर सुटलं एवढ्यावर मी खूश होते.

त्याच दिवशी उपकरणाच्या बाजूने सर्व्हिस इंजिनिअर आले. पन्नाशी ओलांडलेले, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी बॅग खाली ठेवली, चष्मा लावला आणि पडद्यावरची पंपाच्या दाबाची रेष बघत उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, “मॅडम, ही रेष इतकी सरळ कशी?”

मी म्हटलं, “म्हणजे दाब स्थिर आहे. पंप चांगला आहे.”

“चांगल्या पंपाची रेषसुद्धा इतकी सरळ नसते. थोडी तरी थरथरते.”

मित्रहो, त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला, आणि तो माणकाचा नव्हता. कारण ती रेष सरळ मीच केली होती. वर्षभरापूर्वी काही ग्राहकांनी कुरकुर केली होती की दाबाचा आलेख थरथरतो, तपासणीला येणारे विचारतात, बरं दिसत नाही. साहेब म्हणाले, जरा गुळगुळीत कर. मी दहा सेकंदांची सरासरी काढून रेष दाखवायला सुरुवात केली. काम अर्ध्या दिवसाचं. नव्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात एक ओळ छापली गेली, ‘दाबाचा आलेख सुधारला’. पंपाचा एक फेरा तीन-चार सेकंदांचा. झडप गळत असेल तर दर फेऱ्याला दाब एकदा खाली आपटतो. दहा सेकंदांची सरासरी घेतली की ते आपटणं पुसलं जातं. डॉक्टरांनी नाडी बघायला हात धरावा आणि आपण मध्ये उशी ठेवावी, तसं.

मूळ नोंद फाइलमध्ये होती, ती मी कधी पुसली नव्हती. पण ती उघडून बघायची सोय फक्त आमच्यासारख्यांना. मी लॅपटॉप काढून तिथेच उघडली. करवतीच्या दात्यांसारखी रेष. मागे गेले, तर सात आठवड्यांपूर्वीपर्यंत दाते बारीक होते, मग हळूहळू वाढत गेले. ती मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी होती. काही बोलली नाही.

काकांनी मला म्हटलं, “कॉम्प्युटर राहू द्या आता जरा.” त्यांनी दहा मिलिलिटरचा फ्लास्क घेतला, कॉलम जोडलेलाच ठेवला, बाहेर येणारी नळी फ्लास्कमध्ये सोडली आणि स्टॉपवॉच दाबलं. मिनिटाला एक मिलिलिटर, म्हणजे खुणेपर्यंत भरायला दहा मिनिटं लागायला हवीत. आम्ही तिघंही थेंब पडताना बघत उभे. दहा मिनिटं चाळीस सेकंद. पुन्हा केलं, दहा मिनिटं पंधरा सेकंद. पंप कमी देत होता, आणि कमी देण्यातही सातत्य नव्हतं. कधी हळू, कधी त्याहून हळू. मग शिखरं जागेवर कशी येणार? द्रावण कितीही काटेकोर बनवा.

एका फ्लास्कने आणि घड्याळाने वीस-पंचवीस मिनिटांत जे कळलं, ते कळायला त्या प्रयोगशाळेला सात आठवडे, एक नवा कॉलम आणि एका मुलीचा मेमो लागला होता.

काकांनी आधी पंपात पाणी फिरवून क्षार धुतले. त्यात बफर वापरत होते, म्हणजे फॉस्फेटचे क्षार घातलेलं पाणी. रात्री यंत्र तसंच बंद केलं की पाणी सुकतं आणि स्फटिक उरतात. ते सीलला कानशीसारखे घासतात आणि झडपेत जाऊन बसतात. बफरनंतर सरळ सॉल्व्हंटही सोडायचं नाही, क्षार आतच साक्याबरोबर बसतात. मध्ये नुसतं पाणी फिरवायचं. एवढाच नियम, भिंतीवर लिहिलेलासुद्धा होता. मग त्यांनी आतल्या बाजूची झडप काढून आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवली आणि अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवली. लावल्यावर बरी चालली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग नवी बसवली. नवं सील सॉल्व्हंटने ओलं करून बसवायचं, कोरडं नाही, आणि नट हाताने लावल्यावर पान्याने किती फिरवायचा हे काकांच्या मनगटाला माहीत होतं. मी फिरवला असता तर आटे गेले असते.

नंतर फ्लास्क भरायला दहा मिनिटं दोन सेकंद. तीनदा केलं, तीनदा तेवढंच. पाच इंजेक्शनांत फरक ०.४ टक्के. त्या मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, “मॅडम, म्हणजे माझं मोजमाप बरोबर होतं ना?”

मी “हो” म्हटलं. एवढंच म्हटलं. तिला ‘माफ कर’ म्हणायला हवं होतं. तिथे सात-आठ जण उभे होते आणि मी कंपनीची प्रतिनिधी होते, हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं.

परत येऊन अहवाल लिहिला. साहेबांनी सुचवलं की ‘आलेखाच्या सादरीकरणातील मर्यादा’ असं लिहू. मी दोन दिवस ते वाक्य तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी खोडलं आणि लिहिलं की दाबाच्या रेषेवर सरासरी लावण्याचा बदल मी केला, त्यामुळे झडपेची गळती पडद्यावर दिसली नाही, आणि द्रावण बनवणाऱ्या व्यक्तीची चूक असल्याचा कोणताही पुरावा नोंदींत नाही. साहेब चिडले, पण अहवाल गेला. साहेब माणूस वाईट नव्हते, हेही सांगते. पुढच्या आवृत्तीत मूळ रेष परत आली. त्या मुलीचा मेमो मागे घेतला गेला, पण आणखी सहा आठवड्यांनी. तेवढे दिवस ती त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर काम करत होती. ते दिवस तिला कुणी परत दिले नाहीत, मी तर नाहीच.

त्यानंतर मी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजण्या घातल्या. सील किती फेरे चाललं, डिटेक्टरचा ड्युटेरियम दिवा किती तास जळला. हा दिवा साधारण हजार-दोन हजार तास पुरतो, आणि नवा बसवताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल काचेवर भाजलं जातं. पेट्रोमॅक्सच्या मँटलसारखाच नाजूक प्रकार. मोजणी संपली की पडद्यावर पिवळी खूण येते. लोक काय करतात? भाग न बदलता मोजणी शून्यावर आणतात. मग खूण जाते आणि सगळे सुखी. आता कुणी शून्यावर आणलं तर त्याचं नाव आणि वेळ नोंदली जाते. यावरून मला ग्राहकांच्या किती शिव्या बसल्या ते इथे सांगता येणार नाही, सर समोर बसलेत.

आता शाळेकडे वळते, कारण खरं मला त्यासाठीच उभं राहायचं होतं.

आपल्या तुकडीने निधी जमवला आहे आणि त्यातून शाळेला मोठा डिजिटल फळा द्यायचा बेत आहे. त्याचं माप घ्यायला गेल्या महिन्यात मी आणि आपला एक वर्गमित्र शाळेत आलो. माप झालं, आणि मी ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत डोकावले. कपाटात एक पीएच मीटर आहे. वर पितळी पट्टी, ‘माजी विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट’. आपल्या आधीच्या तुकडीने दिलेला. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा अजून शाबूत. पण त्याच्या इलेक्ट्रोडचं टोपण तडकलेलं आणि आतला काचेचा फुगा खडखडीत कोरडा. तो नेहमी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओला ठेवावा लागतो. मी तो घरी नेला. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, मग त्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवला. नवऱ्याने विचारलं, लोणचं घालतेस का? ७ आणि ४ पीएचच्या द्रावणांत सुमारे १७७ मिलिव्होल्टचा फरक मिळायला हवा, मला नव्वदही मिळेना. इलेक्ट्रोड गेला. मीटर ठणठणीत आहे. नवा इलेक्ट्रोड तीन-चार हजारांना येतो. तेवढ्यासाठी मुलं लिटमस कागदावर भागवतायत.

अकरा ब्युरेट आहेत, त्यांतल्या सातांच्या तोट्या अडकलेल्या. कोमट पाण्यात ठेवून, चुचकारून पाच सोडवल्या. एक माझ्या हातात मोडली, ती मी भरून देणार आहे. एकीने दाद दिली नाही. सूक्ष्मदर्शकांपैकी दोघांचे बल्ब गेलेत, डिजिटल तराजूचा अडॅप्टर हरवलाय. सध्याच्या बाईंना मी विचारलं, त्या शांतपणे म्हणाल्या, “नवीन वस्तू द्यायला लोक येतात हो. बल्ब द्यायला कोण येणार?”

आपल्या वेळी अडकत नव्हत्या तोट्या. का, ते मला परवा कळलं. प्रयोगशाळेचे मामा प्रॅक्टिकल संपलं की आपल्याला हाकलायचे आणि मागे एकटे तासभर काहीतरी करत बसायचे, आठवतं? ते प्रत्येक ब्युरेटची तोटी काढून धुवायचे, कॉस्टिक सोडा राहू द्यायचे नाहीत, कारण काचेला काच तोच चिकटवतो. जुनं व्हॅसलीन पुसायचे, आणि तोटी परत बसवताना मध्ये कागदाची एक पट्टी घालायचे. त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा अजून खालच्या फळीवर आहे. उघडला, तर आत व्हॅसलीनची डबी, तीन रबरी बुचं, फ्यूजची तार आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या कापलेल्या पट्ट्या. एका पट्टीवर कुणाला तरी पस्तीसपैकी नऊ मिळालेत. अक्षर ओळखीचं वाटलं, पण ते असो.

माझं म्हणणं एवढंच आहे की निधीतला काही भाग बँकेत ठेव म्हणून ठेवावा आणि दरवर्षीचं व्याज फक्त सुट्या भागांना द्यावं. इलेक्ट्रोड, बल्ब, तोट्या, बुचं, व्हॅसलीन. समितीत दोन मित्रांचा विरोध आहे. एक म्हणाला, ठेवीवर पाटी कुठे लावणार? प्रश्न रास्त आहे, मी चेष्टा करत नाही. देणाऱ्यालाही आपलं नाव दिसावंसं वाटतं. डबा मात्र चांगला मोठा आहे, झाकणावर नावं मावतील. फळा थोडा लहान घेतला तरी दोन्ही जमतं, मी हिशेब करून आणला आहे. चहाच्या टेबलावर यादी ठेवली आहे, चोवीस वस्तू आहेत, किमतींसह. ज्यांना पटतं त्यांनी सही करावी. ज्यांना पटत नाही त्यांनी आधी तळमजल्यावर जाऊन कपाट बघून यावं, किल्ली माझ्याकडे आहे.

मामा आज आलेत, तिकडे दुसऱ्या रांगेत बसलेत. मामा, ती कागदाची पट्टी नेमकी कशी घालायची ते मला काही जमलं नाही, दोनदा फाटली. सोमवारी अकरा वाजता अकरावीचं प्रॅक्टिकल आहे. मी सुट्टी काढली आहे. साडेदहाला रिक्षा घेऊन येते तुमच्याकडे.